मीटरवरचं सांग

फिलो, मला अजून रडू आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं असतं तर तू कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, "माझ्यापासून लपवतेस होय गं?" तर नाही आलं. चर्चमध्ये नाही, तुला खाली उतरवलं तेव्हा नाही, घरी येऊन आंघोळ केली तेव्हाही नाही. आंघोळ तरी कशाला केली कोण जाणे. आमच्याकडे मयतावरून आलं की करतात, म्हणून केली. बाकी सुतक वगैरे मला काही लागत नाही. मी तुझी कोण? दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, केर काढला, उदबत्ती लावली. पहिलं गिऱ्हाईक ट्यूबचा स्टार्टर मागायला आलं, त्याला स्टार्टर दिला.

कोणी विचारलं तर सांगते, मैत्रीण गेली. लोक अरेरे म्हणतात, काय झालं होतं विचारतात. मी सांगते. सांगताना आवाज जरासुद्धा हलत नाही. आमचे हे माझ्याकडे बघून घाबरलेत. काल म्हणाले, "एकदा रडून घे, मोकळी हो." रडणं म्हणजे काय नळ आहे? आणि नळ तरी आमच्या मनवेलपाड्यात आपल्या मर्जीनं कुठे येतो? जेवते, झोपते, हिशेबाला बसते. सगळं होतं. हात बधिर झाल्यावर आपलाच हात परक्याचा वाटतो ना, तसं काहीतरी झालंय. दुखत नाही आणि ते बरंही वाटत नाही.

एकच गोष्ट आहे जी डोक्यातून जात नाही. तुला मातीत ठेवल्यावर आम्ही सगळे चर्चच्या आवारात उभे होतो. तुझी नणंद मोनी माझ्यासमोर आली. डोळे सुजलेले, हातात रुमालाचा बोळा. म्हणाली, "तू सांगितलंस आणि तिनं हाय खाल्ली. नायतर माझी वहिनी नाताळ करून गेली असती." हळू नाही बोलली. आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. तुझा नवरा तिथंच होता, इनासभाऊ. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. तुझी लेक प्रीती दुसरीकडे वळली.

मी सांगितलं हे खरं आहे. तू विचारलंस म्हणून सांगितलं. मी बरोबर केलं की चूक, हे जगात एकच माणूस सांगू शकलं असतं, आणि ते माणूस आता नाही. म्हणून हे लिहितेय. तू उत्तर देणार नाहीस, ते मला कळतं. तेवढी वेडी नाही झालेली अजून.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. तेव्हा दुकान नवीन होतं. हे नोकरीला मुंबईला, मी सकाळपासून काऊंटरला. बल्ब, वायर, फ्यूज, टॉर्च, सेल. दुपारी शाळा सुटल्यावर तू आलीस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पेपरांचा गठ्ठा, आणि मागे लंगडत येणारी बेबी. बेबी तुमच्या नंदाखालच्या वाडीत फुलं खुडायला यायची. तू काऊंटरवर दोन पेन्सिल सेल असे आपटलेस की मी दचकले.

"हे तुम्ही विकलेत?"

"विकले असतील. का?"

"हिला विचारा."

बेबी बिचारी माझीच समजूत घालत असल्यासारखं बोलली, "काय नाय गं बाय, बत्ती येकदम गेली. पाटातलं पानी दिसलंच नाय, पाय गेला नि मुरगाललं."

मोगऱ्याच्या कळ्या दिवस उजाडायच्या आत खुडायच्या असतात, नाहीतर बाजारात पोचेपर्यंत उमलून जातात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? कपाळाला पट्टीनं टॉर्च बांधून तुमच्याकडच्या बायका अंधारात वाडीत उतरतात, खाली पाट, आळी, कधी जनावर, हे तू मला तिथंच उभ्या उभ्या शिकवलंस. मी कोकणातली, उलट बोलायला कमी नाही. म्हटलं, "सेल संपला की बत्ती जाणारच. त्यात माझा काय दोष?"

"साधा सेल संपताना पिवळा पडत जातो," तू म्हणालीस. "माणसाला कळतं आणि ते घरी येतं. हा तुमचा चार्जिंगचा सेल शेवटपर्यंत लख्ख जळतो आणि मग एकदम बंद. काही सांगत नाही. मग तो किती वेळ चालणार हे आधी माहीत नको?"

"लिहिलंय की त्याच्यावर."

"लिहिलंय. तुम्ही मोजलंय?"

आता सेल कोण मोजतं? लग्न ठरवताना मुलाचा पगारसुद्धा कोणी मोजत नाही, सांगतील तो खरा धरतात. मी हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "शनिवारी येते. मीटर घेऊन येते. तुम्ही सेल चार्ज करून ठेवा." आणि बेबीला घेऊन रिक्षात बसून गेलीस. मला वाटलं, कसली येते. शाळेतल्या बाई आहेत, दोन दिवस रागावतील.

तू शनिवारी आलीस. त्यानंतर कितीतरी वर्षं शनिवार दुपार आपलीच होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत ह्यांनी एक फळी करून दिली. फळीवर सेल बसवायची खाच, पुढे एक टॉर्चचा बल्ब, भिंतीवर घड्याळ. बल्ब सगळ्या सेलांना तोच, कारण बल्ब बदलला की मोजमाप बदललं, असं तुझं म्हणणं. रात्रभर चार्ज केलेली जोडी काढायची, जरा थंड होऊ द्यायची, बसवायची, आणि थोड्या थोड्या वेळानं मीटरच्या दोन सुया लावून व्होल्ट बघायचे. एका सेलचा आकडा एका व्होल्टच्या खाली आला की खेळ खल्लास. तेवढ्या वेळात मी गिऱ्हाईक करायची, तू पेपर तपासायचीस. मध्येच तुझा आवाज यायचा, "सुनंदे, बघ गं जरा, माझे हात लाल शाईचे आहेत." 'तुम्ही'वरून 'सुनंदे'वर कधी आलीस आठवत नाही. मी तुला 'फिलोमिनाबाई'वरून 'फिलो' कधी म्हणायला लागले तेही आठवत नाही.

काय निघालं त्यातून? ज्या सेलवर क्षमतेचा सगळ्यात मोठा आकडा, तो सगळ्यात आधी मान टाकायचा. चकचकीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि लिहिलंय त्याच्या निम्मासुद्धा दम नाही. आणि एक कळकट हिरवा सेल होता, आकडा लहान, दिसायला गरीब, तो लिहिलं होतं त्याच्यापेक्षा थोडा जास्तच जळला. तू दोनदा मोजलास. खरं वाटेना. मग म्हणालीस, "हा एकच सज्जन आहे तुझ्या दुकानात." मी म्हटलं, "आणि मी?" तू म्हणालीस, "तुला अजून मोजलेलं नाही."

आपण तेव्हा किती हसलो होतो.

मग तुझी नेलपॉलिशची खूण सुरू झाली. स्वतः कधी नखाला लावलं नाहीस, पण नालासोपाऱ्याच्या बाजारातून तीन रंगांच्या बाटल्या आणल्यास. छापलेल्या आकड्याच्या वर रंगाचा ठिपका. लाल म्हणजे पूर्ण खुडणी होईपर्यंत जळणार, गुलाबी म्हणजे अर्धी खुडणी, आणि जांभळा म्हणजे फक्त घरातल्या घरात, विजेच्या मीटरपेटीपाशी फ्यूज बघायला. वाडीतल्या बायकांना आकडे वाचायची गरज उरली नाही. माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "लाल दे गं." बाजूचे दुकानदार मला हसायचे, सेलाला मेकअप करते म्हणून. होलसेलवाल्याला मी एक अख्खा लॉट परत केला तेव्हा तो म्हणाला, "बाई, कोण मोजतं हो?" मी म्हटलं, "आम्ही मोजतो." त्या 'आम्ही'चा मला जो माज चढला होता ना, तो मी तुला कधी बोलून दाखवला नाही. आता दाखवते.

जोडीचं भांडण तर आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. टॉर्चमध्ये दोन सेल एकमेकांना धरून चालतात, एक दणकट आणि एक मरतुकडा घातला तर दणकट सेल मरतुकड्याला उलटा चार्ज करून मारतो आणि दोघेही फुकट जातात, म्हणून सारख्या दमाचे दोन शोधून त्यांची जोडी लावायची आणि ती आयुष्यभर मोडायची नाही. इथपर्यंत मला पटलं होतं. पण जोडीतला एक मेला की तू दुसराही बाद करायचीस. चांगला जळणारा सेल डब्यात टाकायचीस. मी कोकणातली, मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, "अगं, असे एकटे राहिलेले दोन शोध आणि त्यांची जोडी लाव." तू म्हणायचीस, "विधवा-विधुर मंडळ नाही चालवायचं मला." मी तुझ्या माघारी लावायचे. त्या जोड्या चालायच्या. तू मोजून बघितल्यास, चालल्या, तरी तू म्हणालीस, "आज चालतायत. एक पावसाळा जाऊ दे." त्यातल्या काही जोड्या दोन पावसाळे गेल्या. तू कबूल केलं नाहीस ते नाहीसच.

लोडशेडिंग वाढत गेलं तसे आपले सेल नंदाखालच्या वाडीतून सगळ्या पट्ट्यात गेले. संध्याकाळी दिवे गेले की लोक दुकानात यायचे आणि कंपनीचं नाव न विचारता रंग विचारायचे. आपण काही मोठं केलं असं मला वाटत नाही. सेलच ते. पण बेबी त्यानंतर कधी पाटात पडली नाही.

तुझी ती खोड फक्त सेलापुरती नव्हती. बिस्किटाचा पुडा घेतला तरी तू घरी जाऊन वजन करायचीस. फादरांनी प्रवचनाच्या सुरुवातीला थोडक्यात सांगतो म्हटलं की तू घड्याळ बघायचीस. एकदा माझ्या कुंकवाच्या डबीवर 'अखंड सौभाग्य' वाचून म्हणालीस, "हे पण फळीवर लावूया का?" ह्यांना ऐकू गेलं. ते तुला घाबरायचे ते तेव्हापासून. लिहिणाऱ्याचं काय जातं, हे तुझं एकच पालुपद. नाताळात तू पाठवलेल्या गोडाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असायची, "तूप कमी पडलंय, आधीच सांगते."

तर अशा बाईपासून तुझ्या घरच्यांनी लपवायचं ठरवलं.

प्रीती दुकानात आली होती, रिपोर्ट आल्यावर. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मावशी, आईला काही कळू द्यायचं नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पप्पा म्हणतात, अल्सर सांगायचं." आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं. लहान मुलीसारखी रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काय म्हणणार? शब्द दिला असं नाही, पण हो म्हटलं.

मग मी दर रविवारी तुमच्याकडे येत होते. काय ते नाटक चाललं होतं तुमच्या घरात. इनासभाऊ सकाळी उठून तुला सांगायचे, आज तोंडावर तेज आलंय. मोनी गुडघ्यावर बसून नोव्हेनाची प्रार्थना करायची आणि उठून म्हणायची, वहिनी, ईस्टरला आपण दोघी वेलंकनीच्या यात्रेला जाऊ. घरात तुम्ही तुमच्या बोलीत बोलता, मला निम्मं कळायचं नाही, पण खोटं बोलताना माणूस कुठल्याही बोलीत जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. तू सगळ्यांना हो हो म्हणायचीस. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायचीस आणि बाटली खाली ठेवायचीस. मला वाटायचं, थकली बिचारी, तिच्यात आता मोजायचीही ताकद नाही.

तो श्रावणातला दिवस. दुपारची वेळ. पाऊस नुकताच थांबला होता, नारळांवरून पाणी ठिबकत होतं. मोनी चर्चला, इनासभाऊ केळीच्या बागेत. तू पुढच्या पडवीत आरामखुर्चीवर, पायावर शाल. मी तुझ्यासाठी पेज आणली होती, ती तू दोन चमचे घेऊन बाजूला ठेवलीस.

"सुनंदे," तू म्हणालीस, "किती?"

"किती काय?"

"लेबलावरचं नको सांगू. ते रोज ऐकते. मीटरवरचं सांग."

फिलो, मी तेव्हा काय काय विचार केला तुला सांगू? काहीच नाही केला. प्रीतीचा चेहरा समोर आला, एवढंच. मग तुझा हात बघितला, खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला, नखांवर कधीचा तरी लाल ठिपका पडलेला, सेलावर लावताना सांडलेला. माझ्या तोंडातून आलं, "पावसाळा निघेल म्हणाले. नाताळ नाही."

तू मान हलवलीस. बाहेर बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. चहा घेशील? तुलाच करावा लागेल."

मी आत जाऊन चहा केला. साखर कुठे आहे ते तू बाहेरून ओरडून सांगितलंस. आपण चहा प्यायलो आणि माकडांनी या वर्षी नारळ किती पाडले त्याच्यावर बोललो. मी घरी गेले. त्या रात्री मी झोपले नाही. नंतरही कितीतरी रात्री नाही.

त्यानंतर तू त्या विषयावर कधी बोलली नाहीस. एकदाही नाही. मी दर रविवारी तुझ्या चेहऱ्यावर शोधत होते, राग आहे का, भीती आहे का, पश्चात्ताप आहे का विचारल्याचा. काही सापडत नव्हतं. तू कमी बोलायला लागलीस. डोळे मिटून पडून राहायचीस. घरच्यांना हो हो म्हणणंसुद्धा बंद केलंस. मोनीनं वेलंकनी काढली की तू भिंतीकडे वळायचीस. मी प्रीतीला स्वतःहून सांगितलं की तू विचारलंस आणि मी सांगितलं. लपवायचं नव्हतं मला. प्रीतीकडून ते मोनीपर्यंत गेलं, आणि मोनीनं हिशेब मांडला. त्या दिवसापर्यंत वहिनी बोलत होती, त्या दिवसानंतर गप्प झाली. म्हणजे हाय खाल्ली.

आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलं होतं. सेलाचं ठीक आहे. सेलाला आपण कधी सांगत नाही, तुझा दम एवढाच उरलाय. माणसाला सांगितल्यावर त्याचा उरलेला दमही गळून पडत असेल तर? तू मला शिकवलंस मोजायला, मोजलेलं कधी सांगायचं नसतं ते नाही शिकवलंस. दिवाळीत आले तेव्हा तू मला ओळखलंस, हसलीस, तुझा सेलाचा चार्जर घेऊन जा म्हणालीस, पावसात खराब होईल. तेवढंच. पाऊस कधीच संपला होता. मी चार्जर घेऊन आले. तो अजून पिशवीतच आहे. त्यानंतर तू आणि मी बोललो नाही.

हे इथपर्यंत लिहून मी ठेवून दिलं होतं. पुढे काय लिहावं सुचत नव्हतं. आज दुपारी इनासभाऊ दुकानात आले.

दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. तू असतीस तर दारातून परत पाठवलं असतंस. मी स्टूल पुढे केलं. बसले. पाणी प्यायले. महिन्याच्या मिस्साला चर्चमध्ये ये, दोघं या, म्हणाले. मी हो म्हटलं. मग ते उठेनात. शेवटी मीच म्हटलं, "इनासभाऊ, तुम्हीपण माझ्यावर रागावलात का?"

त्यांनी मान वर केली. "सुनंदाताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मोनीसमोर तोंड उघडलं नाही माझं. ती रोज गुडघ्यावर बसत होती हो. तिला कसं सांगू, की वहिनीला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काय ठाऊक होतं?"

"सगळं. रिपोर्ट आले त्या दिवशीच. मी खाली औषधं आणायला गेलो, तेवढ्यात तिनं डॉक्टरांना धरलं. मी बाई आहे, शाळेत शिकवते, मला खरं सांगा, म्हणाली. त्यांनी सांगितलं. पावसाळा, नाताळ, सगळं तिला तेव्हाच कळलं. आम्ही अल्सर, अल्सर म्हणत होतो आणि ती आम्हाला हो म्हणत होती. शेवटी शेवटी मलाच म्हणाली, इनास, आता बस कर, तुला जमत नाही."

माझ्या हातात कोणाचा तरी दुरुस्तीला आलेला बल्बचा होल्डर होता. तो मी काऊंटरवर ठेवला.

"मग मला का विचारलं तिनं?"

"मीपण हेच विचारलं. म्हटलं, सुनंदाला उगाच कशाला कात्रीत धरलंस? तर म्हणाली, घरातली सगळी लेबलं वाचून झाली, एक तरी माणूस खरं निघतं का ते बघायचं होतं."

फिलो, मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं, आणि झालं ते हे. असा राग आला की तू समोर असतीस तर मी तुझे खांदे धरून गदागदा हलवले असते. मी रात्र रात्र जागले. मोनीनं चार माणसांत माझी शोभा केली, ती ऐकून घेतली. आणि तू? तू मला फळीवर लावलं होतंस? शाल पांघरून, पेज बाजूला ठेवून?

इनासभाऊंना माझा चेहरा दिसला असावा. ते उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळले. हळू आवाजात म्हणाले, "त्या संध्याकाळी तू गेल्यावर ती स्वतः मागून घेऊन जेवली, सुनंदाताई. तांदळाची भाकरी आणि सुकं बोंबील. मोनीनं केलेलं सगळं. आणि रात्री झोपली. मला म्हणाली, आता एकटं नाही वाटत."

ते गेले. रिक्षा स्टँडपर्यंत त्यांची पाठ दिसत होती.

मी शटर अर्धं खाली ओढलं, पण वाकून दोन बायका आत आल्याच. त्यातली एक म्हणाली, "ताई, लालवाले दोन सेल द्या ना." मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. मी म्हटलं, "थांबा जरा, देते," आणि मला पुढे बोलता येईना. त्या बायका काही न विचारता तिथंच उभ्या राहिल्या, माझं रडून होईपर्यंत.